मुडद्याचं काम

गेल्या वर्षीची भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. चिवड्याचा डबा तळाला लागला होता आणि विनोदी नट असरानी गेल्याची चुटपुट अजून ताजी होती. अशात, २५ ऑक्टोबर २०२५ रोजी सतीश शहा गेल्याची बातमी आली. वय ७४. तेरा वर्षांपूर्वी याच तारखेला विनोदवीर जसपाल भट्टी गेले होते.

आमच्या घरात सतीश शहांची ओळख नावानं झालीच नाही. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली, तेव्हा शुक्रवारी रात्रीची जेवणं लवकर उरकत आणि शेजारपाजारचे आमच्या सतरंजीवर येऊन बसत. लेखन शरद जोशींचं. म्हणजे हिंदीतल्या व्यंग्यकाराचं, आपल्या शेतकरी नेत्यांचं नव्हे. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी हे पडद्यावरचे तिघं घरचेच वाटत. चौथा मात्र दर आठवड्याला निराळा. त्याची मिशी वेगळी, बोलण्याचा हेल वेगळा, चालही वेगळी. ‘आज हा कोण झालाय गं?’ असं आजी विचारायची. पंचावन्न भागांत पंचावन्न माणसं, असा त्याचा हिशोब सांगितला जातो. सोंगं घेणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. पण इतकी सोंगं घेऊन एकाचीही लकब दुसऱ्याला न चिकटू देणारे थोडेच.

तरी त्यांचं सगळ्यात अवघड सोंग याआधीच, १९८३ साली झालं होतं. कुंदन शहांच्या ‘जाने भी दो यारो’मधले कमिशनर डिमेलो. नसिरुद्दीन शहा, ओम पुरी, सतीश शहा आणि खुद्द कुंदन शहा ही सगळी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली मंडळी, आणि सोबत आपल्या भक्ती बर्वे. डिमेलोचा मध्यावरच खून होतो आणि पुढचा सिनेमा त्याच्या प्रेताच्या ओढाताणीवर चालतो. दारूच्या नशेतल्या ओम पुरींना त्याची शवपेटी बंद पडलेली मोटार वाटते. शेवटी तर ते प्रेत महाभारताच्या नाटकात साडी नेसून द्रौपदी म्हणून उभं राहतं.

मुडद्याचं काम म्हटलं की सोपं वाटतं. पण भोवती हलकल्लोळ चाललेला असताना पापणी लवू द्यायची नाही, कुणी खेचलं, ढकललं तरी अंग सैल ठेवायचं, चेहऱ्यावर काहीच येऊ द्यायचं नाही. हशा दुसऱ्यांनी घ्यायचा. आपण फक्त त्याचं निमित्त व्हायचं. टाळीचं वाक्य आपल्यालाच हवं म्हणून अडून बसणाऱ्या नटाला हे जमत नाही.

मला वाटतं, ‘साराभाई वर्सेस साराभाई’मधल्या त्यांच्या इंद्रवदनचं बीज इथेच आहे. २००४च्या नोव्हेंबरमध्ये स्टार वनवर ही मालिका आली, तेव्हा घराघरांत सासू-सुनांचे कट शिजत होते. आतिश कपाडियांनी लिहिलेल्या या घरातही सासू सुनेला टोचत होती. फरक एवढाच, की सासरा सुनेच्या पार्टीत होता! कफ परेडमधला हा म्हातारा उभ्या आयुष्यात शहाणा व्हायला तयार नव्हता. बायकोच्या उच्चभ्रूपणाला टाचणी लावायची आणि भांडण पेटलं की साळसूद चेहऱ्यानं बाजूला व्हायचं, हा त्याचा उद्योग.

पण इंद्रवदन पाहावा तो मुलगा रोसेश कविता वाचत असताना. कविता वाचणारा राजेश कुमार, दाद देणारी आई रत्ना पाठक शहा. सतीश शहांच्या वाट्याला येतं ते फक्त ऐकणं. त्या ऐकण्यात आधी शंका, मग यातना, मग ‘हा माझाच मुलगा ना?’ असा हताश प्रश्न. कविता विनोदी होते ती त्या चेहऱ्यामुळे. आपल्या सुमीत राघवनचा साहिल घरातला एकमेव समंजस माणूस वाटतो, तोही बाप इतका पोरकट आहे म्हणूनच.

मालिकेला त्या वेळी टीआरपी फारसा मिळाला नाही, आणि २००६मध्ये ती आटोपली. लोकांनी ती डोक्यावर घेतली ती नंतर, पुन्हा पुन्हा पाहून. मराठीत सतीश शहा ‘गंमत जंमत’मध्ये (१९८७) दिसले होते, ‘मैं हूं ना’मधले थुंकीचे फवारे उडवणारे प्राध्यापक तर पोरांनाही पाठ आहेत. मात्र लोकांच्या घरात राहायला आला तो इंद्रवदनच.

विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीत त्यांना निरोप देताना साराभाई कुटुंबातले सगळे जमले. एकत्र आलं की मालिकेचं शीर्षकगीत म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. तो त्यांनी तिथेही मोडला नाही. रडत रडत, बेसूर होत ते गायले. एरवी अशा गाण्यावर इंद्रवदनचा चेहरा पाहण्यासारखा झाला असता.

या वेळी मात्र त्यानं पुन्हा मुडद्याचं काम घेतलं होतं. पापणी लवली नाही.