ऊस तोडला, मोळी बांधली, पाचट पेटवले

नगरहून पाथर्डीकडे निघाले, की करंजी घाट ओलांडल्यावर तिसगाव लागते. पाथर्डी तालुका ऊसतोड मजुरांचा. शाळेची पायरी न चढलेले इथले पोरही ही तीन वाक्ये न अडखळता बोलते : दादाने ऊस तोडला. दादाने मोळी बांधली. दादाने पाचट पेटवले.

आता दादाच्या जागी आई आणा. आईने ऊस तोडला, आईने मोळी बांधली, आईने पाचट पेटवले. करणारा पुरुष होता, त्याची बाई झाली, तरी क्रियापद जागचे हलले नाही. ते उसाकडे, मोळीकडे, पाचटाकडे बघून आपले रूप ठरवते. वर्तमानकाळात मात्र उलट : दादा ऊस तोडतो, आई ऊस तोडते. म्हणजे काम चालू असते तेव्हा क्रियापद करणाऱ्याच्या मागे जाते आणि काम संपले की ज्याच्यावर काम झाले त्याच्या मागे. पहिला कर्तरी प्रयोग, दुसरा कर्मणी. परीक्षेत दोन गुणांसाठी घोकलेल्या या नावांमागे इतकी विलक्षण गोष्ट दडली आहे, हे वर्गात का सांगत नसावेत?

कारण फार जुने आहे. झालेली गोष्ट सांगताना ‘रामेण फलं खादितम्’, रामाकडून फळ खाल्ले गेले, असे बोलण्याची रीत संस्कृतात वाढत गेली. प्राकृतात तीच मुख्य झाली आणि मराठीत उतरली. आईच्या पुढचे ‘ने’ त्या ‘कडून’चेच काम करते. उसाच्या फडातल्या साध्या वाक्यात दोन हजार वर्षांमागची वळणे जिवंत आहेत.

याहून नवल पुढे आहे. बैल बांधला, गाय बांधली, वासरू बांधले. या तिघांना ‘ला’ जोडून पाहा : बैलाला बांधले, गायीला बांधले, वासराला बांधले. कर्त्याला ‘ने’, कर्माला ‘ला’. क्रियापदाला दोन्ही वाटा बंद. मग ते कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. हा भावे प्रयोग. संस्कृतात भावे प्रयोग अकर्मक धातूंचाच होतो. कर्म असलेला हा भावे प्रयोग मराठीने पुढे घडवला आणि नाव तेवढे जुने ठेवले.

आणि काही वाक्यांत तर कर्ताच नसतो. उजाडले. सांजावले. गडगडतंय. मळमळतंय. कोण उजाडले? कोणी नाही. इंग्रजीला अशा वेळी ‘इट’ नावाचा एक नाममात्र कर्ता उभा करावा लागतो. मराठीला त्याची गरज पडत नाही. मला व्याकरणातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. एका शब्दात पुरे वाक्य आणि त्यात करणारा कोणीच नाही.

या साऱ्याला नावे दिली कोणी? महानुभाव पंथातल्या पंडित भीष्माचार्यांनी चक्रधरांच्या सूत्रांचा अर्थ नेमका लागावा म्हणून ‘पंचवार्तिक’ लिहिले. मराठी व्याकरणाचा विचार करणारा पहिला ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे. १८०५ मध्ये विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापून निघाले. पण शाळेत आपण शिकतो त्या मांडणीचा पाया घातला तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे हेच दादोबा नगरला डेप्युटी कलेक्टर झाले. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. हे केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका भावाने कवितेची चाल बदलली, दुसऱ्याने वाक्याचे सांधे तपासले. एकाच घरातली ही दोन कामे मला फार जवळची वाटतात.

शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात दोन प्राचीन प्रवाह शेजारी शेजारी नांदतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने आल्या; शब्दांचे आठ वर्ग करण्याची परंपरा मागे अलेक्झांड्रियाच्या ग्रीक वैयाकरणांपर्यंत जाते. आठ विभक्त्या मात्र संस्कृतातून आल्या, पाणिनीच्या घराण्यातून.

या दोघांपैकी कोणाच्याही साच्यात नीट न बसणारी एक गोष्ट मराठीत आहे : सामान्यरूप. ‘ऊस’ला प्रत्यय लावायचा तर आधी त्याचे ‘उसा’ होते, मग ‘उसाला’, ‘उसाचा’. विहीर विहिरीत जाते, पाऊस पावसात, वेस वेशीत. प्रत्यय येण्याआधी शब्द स्वतःला तयार करतो, आणि हे पोराला कोणी शिकवलेले नसते. परक्या शब्दांनाही सुटका नाही. कॅमेरा दूरदेशीचा, पण फोटो ‘कॅमेऱ्यात’च निघतो, सोफा आला तोही माणसाला ‘सोफ्यावर’ बसवू लागला. तक्ता पाठ करण्याआधी मुलांना घरातल्या वस्तूंची अशी सामान्यरूपे करायला लावावीत, असे मला मनापासून वाटते. नियम त्यांच्या तोंडात आधीच असतो. तो त्यांना स्वतःच्या कानाने सापडू द्यावा.

सर्वनामांतले एक वाक्यही इथे ठेवायलाच हवे. ‘आम्ही मढीला चाललो’ म्हटले, की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण मढीला जाऊ’ म्हटले, की कानिफनाथांच्या यात्रेला तोही निघाला. हा भेद तमिळ-तेलुगूत आहे. प्रमाण हिंदीचे एकटे ‘हम’ तो दाखवत नाही.

आणि शेवटी एक रूप, ज्याने वैयाकरणांना खरेच कामाला लावले : ‘तू ऊस तोडलास.’ ‘तोडला’ उसाकडे बघून, पुढचा ‘स’ तुझ्याकडे बघून. मोळी बांधलीस, पाचट पेटवलेस. एकच क्रियापद कर्म आणि कर्ता दोघांनाही धरून ठेवते. कर्तरी म्हणावे की कर्मणी? दोन्ही नावे अपुरी पडली, म्हणून तिसरे द्यावे लागले : कर्तृकर्मसंकर. नाव मोठे आहे खरे, पण त्याचे उदाहरण तिसगावातली कोणतीही आई संध्याकाळी पोराला विचारते : जेवण केलंस का?