वॉशिंग्टन मूळचे डरहमचे

अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांचं आडनाव उत्तर इंग्लंडमधल्या डरहम परगण्यातल्या एका गावाचं. बाराव्या शतकात हर्टबर्नच्या विल्यमला तिथली जहागीर मिळाली आणि त्याने, आपल्या ‘कर’वाल्यांप्रमाणे, गावाचंच नाव लावलं. पुढे याच घराण्यातल्या लॉरेन्सने लोकरीच्या व्यापारात पैसा केला आणि १५३९ मध्ये नॉर्दम्प्टनशरमधलं सल्ग्रेव्ह आठव्या हेन्रीकडून विकत घेतलं. त्याचा वंशज जॉन सतराव्या शतकात व्हर्जिनियात स्थायिक झाला. जॉर्ज हा जॉनचा पणतू. पांढऱ्यावर दोन लाल पट्टे, वर तीन लाल चांदण्या हे घराण्याचं चिन्ह १९३८ पासून राजधानीच्या झेंड्यावर आहे. राष्ट्रध्वजही त्यावरूनच बेतला, ही कथा मात्र ऐकायलाच बरी. तिला पुरावा नाही.