न धावता

चालणे ही काय शर्यत लावण्याची गोष्ट आहे, असा प्रश्न होस्टेलवरच्या मित्रांनी मला अनेकदा विचारला आहे. त्यांचा तरी काय दोष? कंबर हेलकावीत, कोपरे मुडपून, बदकासारखे लगबगीने निघालेले ते खेळाडू पाहिले की प्रथम हसूच येते. अशा मित्रांना मी एकच नाव सांगतो : वोलोदिमिर होलुब्निची.

हा गृहस्थ युक्रेनच्या ईशान्येकडील सुमी शहराचा. जन्म २ जून १९३६. त्या काळी युक्रेन सोव्हिएत संघात होता, त्यामुळे त्याची सारी पदके सोव्हिएत संघाच्या नावावर जमा आहेत, आणि जुन्या नोंदींत त्याचे नावही रशियन वळणाने ‘व्लादिमीर गोलुब्निची’ असे आढळते. युक्रेनी माणसाच्या तोंडी तो ‘ग’ नसून ‘ह’ आहे. माणसाचे नाव त्याच्या मायबोलीप्रमाणे घ्यावे, या मताचा मी असल्याने इथे होलुब्निचीच म्हणतो.

आता त्या चालीविषयी. नियम दोनच, पण मोठे जाचक. एक पाय जमिनीवर टेकल्यावाचून दुसरा उचलायचा नाही. दोन्ही पाय एकाच वेळी अधांतरी दिसले की ती धाव झाली. दुसरा नियम गुडघ्याचा. होलुब्निचीच्या काळी भार पेलणारा पाय प्रत्येक पावलागणिक क्षणभर तरी सरळ व्हावा लागे. १९९० नंतरच्या दशकात हा नियम आणखी कडक झाला आणि पाय टेकल्या क्षणापासूनच गुडघा ताठ हवा असे ठरले. उडी घ्यायची नाही, गुडघा वाकवायचा नाही, मग पाऊल लांब पडावे कसे? त्यासाठी कंबर फिरवावी लागते. ज्याला आपण हसतो तो हेलकावा म्हणजे नियमाच्या चौकटीत राहून मिळवलेली चार बोटे जास्तीची जमीन होय! मार्गावर जागोजागी पंच उभे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून निर्णय देतात. एकोणीस किलोमीटर निर्दोष चाललेला खेळाडू विसाव्यात बाद होऊ शकतो. त्यातही गंमत अशी की, दमलेल्यापेक्षा ज्याच्या अंगात अजून जोर शिल्लक आहे त्यालाच धोका अधिक, कारण धावण्याचा मोह त्यालाच होणार.

वीस किलोमीटरची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती १९५६ साली मेलबर्नला. होलुब्निचीने त्याच्या आदल्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, जागतिक विक्रम केला होता. तरीही मेलबर्नची तिन्ही पदके त्याच्या तीन सोव्हिएत सहकाऱ्यांनी नेली. त्याची पाळी आली १९६० साली, रोममध्ये. १ तास ३४ मिनिटे ७.२ सेकंदांत त्याने सुवर्णपदक मिळवले. म्हणजे ताशी पावणेतेरा किलोमीटरचा वेग. आपल्यापैकी कितीजण या वेगाने दीड तास *धावू* शकतील, हे जिमखान्याच्या मंडळींनी सांगावे. १९६४ साली टोकियोला इंग्लंडच्या केन मॅथ्यूजने बाजी मारली आणि होलुब्निचीला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

पण खरी कसोटी लागली १९६८ साली मेक्सिको सिटीत. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर. हवा विरळ, दम चटकन लागणारा. होलुब्निची आणि युक्रेनचाच मिकोला स्माहा हे दोघे आघाडीवर राहून स्टेडियममध्ये शिरले. मागून आला मेक्सिकोचा होसे पेद्रासा. घरचा खेळाडू दिसताच प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतले. पेद्रासाने स्माहाला मागे टाकले आणि तो होलुब्निचीच्या पाठीशी येऊन भिडला. पेद्रासाचे ते चालणे की धावणे, याबद्दल पाहणाऱ्या अनेकांना शंका होती. पंचांनी मात्र त्याला बाद केले नाही. अशा वेळी पुढच्या माणसाने काय करावे? दोन पावले धावला तर बाद, न धावला तर कदाचित पराभूत. होलुब्निची चालतच राहिला आणि १.६ सेकंदांनी जिंकला. अंतर म्हणाल तर जेमतेम पाच-सहा मीटर! मला स्वतःला हे पाच-सहा मीटर त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मोठे वाटतात.

पुढे १९७२ साली म्युनिकला, छत्तिसाव्या वर्षी, तो १ तास २६ मिनिटे ५५.२ सेकंदांत चालला. रोमच्या सुवर्णपदकापेक्षा ही वेळ सात मिनिटांहून अधिक सरस, आणि तरी पूर्व जर्मनीचा पेटर फ्रेंकेल पुढे असल्याने पदक रुपेरी. बारा वर्षांत हा खेळ किती पुढे गेला, आणि त्याच्याबरोबर हा माणूसही कसा पुढे जात राहिला, हे या एका आकड्यावरून कळते. १९७४ साली, पुन्हा रोममध्येच, अडतिसाव्या वर्षी तो युरोपचा विजेता झाला. १९७६ साली माँट्रियलला, वयाची चाळिशी गाठल्यावर, त्याचा सातवा क्रमांक आला. ते त्याचे पाचवे ऑलिंपिक. सुवर्णपदक मेक्सिकोच्या डॅनियल बाउतिस्ताने नेले. आठ वर्षांपूर्वी पेद्रासाला जे थोडक्यात हुकले होते ते अखेर त्या देशाला मिळाले.

१६ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, होलुब्निचीचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियन फौजा सीमा ओलांडून त्याच्या सुमी शहरापर्यंत येऊन ठेपल्या.