वेचणीचे काम आणि सहा रकाने

मोबाइलमध्ये किंवा मनगटी पट्ट्यात बसवलेला त्वरणमापक, म्हणजे वेगात होणारा बदल तीन दिशांनी टिपणारा संवेदक, केवळ आकड्यांची रांग देतो; त्या आकड्यांना कामाची नावे माणसे देतात, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. संवेदकाच्या नोंदींवरून क्रिया ओळखण्याच्या या विषयाच्या अभ्यासकांना सुपरिचित असलेला एक नोंदसंच २०१२ मध्ये खुला झाला. त्यात १९ ते ४८ वयाच्या ३० स्वयंसेवकांच्या कमरेला मोबाइल बांधून सेकंदाला ५० नोंदी घेतल्या गेल्या आणि २.५६ सेकंदांचा, म्हणजे १२८ नोंदींचा, एकेक तुकडा सहा क्रियांपैकी एकीत बसवला गेला: चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे, आडवे होणे.

पुसदच्या शिवारात दसरा-दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा हे सहा रकाने तोकडे पडतात. पऱ्हाटीच्या ओळीत कमरेत वाकलेली बाई दोन्ही हातांनी उमललेल्या बोंडातला कापूस ओढते, वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचत असतानाही हात थांबवत नाही, मूठ भरली की ती कमरेच्या ओटीत रिकामी करते आणि पाऊलभर पुढे सरकते. कमरेवरच्या संवेदकाला यातले जेमतेम ते पाऊल आणि धडाचा कल कळतो, कारण शरीर वाकले की गुरुत्वाकर्षणाची ओढ तीन अक्षांवर निराळी विभागली जाते; पण सहांतूनच निवड करायची असल्याने यंत्र तिला बसलेली किंवा उभी ठरवण्याचीच शक्यता अधिक. पट्टा मनगटावर बांधला तर हातांची लगबग दिसते, मात्र तिची गणती पावलांत होण्याचा धोका राहतो. ओटीत साठत जाणारे वजन तर या संवेदकाला थेट मोजताच येत नाही, आणि वेचणीची मजुरी ठरते ती नेमकी किलोवर. जिना चढण्या-उतरण्याला दोन स्वतंत्र रकाने आणि दिवसभर वाकून केलेल्या कामाला एकही नाही, ही निवड गणिताने केलेली नाही.

पुसदमध्ये बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि कापसाची शेते तेथून लांब नाहीत. तेथील विद्यार्थ्यांनी वेचणाऱ्या बायांच्या संमतीने, त्यांना दिवसाची मजुरी देऊन, मनगट आणि कंबर अशा दोन्ही ठिकाणच्या नोंदी संध्याकाळच्या वजनासह जमवाव्यात, आणि कोणत्या हालचालीला काय म्हणायचे हे त्या बायांनाच विचारावे.