वाळूचा स्वभाव

समुद्रकिनाऱ्यावरील कोरड्या वाळूतून तुम्ही कधी धावून पाहिले आहे काय? ओल्या वाळूवर पावले कशी भराभर पडतात. पण कोरड्या वाळूत शिरताच पाय रुततो आणि थोड्याच वेळात दम लागतो. मग भरलेली मालमोटार अशा वाळूत शिरली, तर तिची अवस्था काय होत असेल बरे?

आफ्रिकेच्या उत्तर भागात, ईजिप्त व लीबिया यांच्या सीमेवर, वाळूचा एक महासागरच पसरलेला आहे. वाऱ्याने रचलेल्या उंच टेकड्यांच्या रांगा तेथे शेकडो किलोमीटर गेलेल्या आहेत. अशा ठिकाणी मोटार अडकली, म्हणजे केवळ खोळंबा होत नाही. जवळचे पाणी संपत जाते आणि माणसांच्या जिवावर बेतते. तरीही रॅल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आपल्या मित्रांसह १९२९ व १९३० साली साध्या फोर्ड मोटारी घेऊन त्या वाळूत शिरला व सुखरूप परत आला. त्या मोटारींची केवळ मागची चाकेच इंजिनाच्या बळाने फिरत. मग हे साधले कसे?

पहिली युक्ती चाकांतील हवेची. उंटाचे पाऊल पाहा. ते रुंद व मऊ असते. म्हणून एवढा मोठा प्राणी वाळूत सहसा रुतत नाही. टायरमधील थोडी हवा सोडली, म्हणजे चाकालाही असेच पाऊल लाभते. समजा, एका चाकावर २,००० पौंड भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस इंचास ४० पौंड आहे. तेव्हा टायर सुमारे ५० चौरस इंच जागेवर टेकेल. दाब २० पौंडांवर आणला, की तो चपटा होऊन सुमारे १०० चौरस इंचांवर पसरेल. भार तोच, पण दुप्पट जागेवर वाटला गेल्यामुळे वाळूला तो पेलतो.

दुसरी युक्ती चालविण्याची. वाऱ्याकडील उतारावरची वाळू बहुधा घट्ट बसलेली असते, तर आडोशाकडील उतार तीव्र व भुसभुशीत असतो. म्हणून चालक घट्ट बाजूने, सरळ रेषेत, एकसारखा वेग राखून चढतो. तिरपी गेल्यास मोटार कलंडण्याचे भय. माथ्यावर वेग आवरला नाही, तर पलीकडे कोसळण्याचे भय. तो एकदम वळत नाही; कारण हवा कमी असताना टायर चाकावरून निसटू शकतो. तो करकचून ब्रेकही लावीत नाही. तसे केल्यास चाकांपुढे वाळूचे बांध साचतात. मोटार आपोआप थांबू देतो, तीही शक्यतो उतारावर.

इतके करूनही चाके रुतलीच तर? घाबरा चालक इंजिनाचा जोर वाढवितो. चाके गरगर फिरतात आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतात. जाणता चालक तत्काळ थांबतो, खाली उतरतो आणि फावड्याने वाळू दूर करतो. बॅग्नॉल्डने कैरोतील जुन्या लोखंडाच्या दुकानातून पोलादाच्या लांब पन्हळी आणल्या होत्या. त्या चाकांखाली सरकविल्या, म्हणजे चाकांना आधार मिळे व मोटार बाहेर निघे.

वाळू संपून कठीण भूमी लागली, म्हणजे एक काम उरते. माणसे थकलेली असतात, ऊन तापलेले असते. तरी पंपाने टायरांत पुन्हा हवा भरावीच लागते. कमी हवेचा टायर कठीण रस्त्यावर वेगाने धावताना सारखा दबतो, तापतो आणि अखेर फुटतो. जी गोष्ट वाळूत तारक, तीच रस्त्यावर मारक!

१९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, बॅग्नॉल्डने उभारलेल्या पथकाच्या मालमोटारी याच युक्त्यांच्या बळावर त्या वाळवंटात दूरवर संचार करू लागल्या. वाळू वाऱ्याने कशी वाहते, याविषयी त्याने लिहिलेला शास्त्रीय ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. ज्या वाळूने वाट अडविली, तिच्यावर न संतापता त्याने तिचा स्वभाव जाणून घेतला; आणि म्हणूनच तिने त्याला वाट दिली.