चव नाकामागे, गुण कागदावर

हवानातल्या सिगार कारखान्यांत चाखणाऱ्यांची एक समिती असते. या लोकांना तिथे कातादोर म्हणतात. नमुन्याला काढलेली सिगार पेटवायची, जेमतेम इंचभर ओढायची, बिनसाखरेच्या चहाच्या घोटाने तोंड साफ करायचं आणि पुढची उचलायची, असं त्यांचं काम चालतं. समोरच्या तक्त्यावरचे रकाने अगदी रुक्ष असतात: धूर सहज येतो का, निखारा सरळ जळतो का, तीव्रता किती, वास कसा, चव कशी. या सगळ्यातून शोधायचं एकच. 'मोन्तेक्रिस्तो'चं नाव लावून जी बाहेर जाणार आहे, ती मोन्तेक्रिस्तोसारखीच लागते ना?

१९९२ मध्ये अमेरिकेत 'सिगार अफिशिओनादो' हे नियतकालिक निघालं आणि परीक्षेचा नूर पालटला. ते काढणारे मार्व्हिन शँकेन आधीपासून 'वाइन स्पेक्टेटर' चालवत होते. वाइनला शंभरपैकी गुण द्यायची पद्धत त्यांनी सिगारला लावली. नव्वदच्या वर गेली की उत्कृष्ट, पंच्याण्णवच्या वर अजोड. गुणांच्या जोडीला वर्णनंही आली: देवदाराचं लाकूड, भाजलेला बदाम, कोको, चामडं, ओली माती, शेवटी मिरीचा झटका. वाचून हसू येतं. धुराला कसली बदामाची चव? नाकाने कांदे सोलणाऱ्यांचे चोचले, असं म्हणून विषय झटकून टाकता येतो. पण त्यातलं काही रसायनशास्त्राने खरं ठरवलं आहे आणि काही मानसशास्त्राने उघडं पाडलं आहे.

आधी तोंडात काय घडतं ते पाहू. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात आणि धुरात तिच्या वाट्याला मुख्यतः कडवटपणा येतो. त्यातला बराचसा निकोटीनचा. मिरीचा झटका ही तर चवच नव्हे. मिरचीची आग आणि पुदिन्याचा गारवा ज्या चेतेमुळे जाणवतो, त्याच चेहऱ्याच्या चेतेला निकोटीन थेट डिवचतं आणि नाकाच्या आत चुरचुरतं. मग देवदार, कोको, बदाम हे कुठून आलं? घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या हवेतून. नाक चिमटीत धरून वेलची-केशराचं श्रीखंड खाऊन पाहा. आंबटगोड तेवढं कळेल. नाक सोडलं की वेलची एकदम 'जिभेवर' उगवते. प्रत्यक्षात ती जिभेवर कधी नव्हतीच. घ्राणेंद्रिय दुहेरी आहे, समोरून आलेला वास बाहेरच्या जगाचा मानायचा आणि मागून आलेला तोंडातल्या घासाचा, असं पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलं. सिगारचे जाणकार हेच मुद्दाम घडवून आणतात. तोंडातला थोडासा धूर ते नाकावाटे बाहेर सोडतात. नवख्याला यात ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. सरावलेल्याला मात्र चुरचुरण्याच्या पलीकडचं काहीतरी सापडतं.

ते काहीतरी पानातून येतं, आणि पानात ते आपसूक नसतं. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रियो प्रांतात वुएल्ता आबाहो नावाचा पट्टा आहे. तिथली पानं ओवून लाकडी कोठारांत टांगतात आणि ती कित्येक आठवडे हवेवर सावकाश वाळतात. पान एकदम मरत नाही, स्वतःमधलं पिष्ट आणि साखर खात खात मरतं. हिरवं हरितद्रव्य मोडतं, मागचा पिवळा रंग दिसू लागतो, मग तोही तपकिरी होतो. हा पिवळा रंग ज्या कॅरोटिनॉइडांचा, ती तुटून सुगंधी रेणू तयार होतात. बीटा-डमॅसेनोन हा त्यातला एक. तो पहिल्यांदा सापडला तो बल्गेरियातल्या गुलाबाच्या तेलात. काळ्या चहात आणि वाइनमध्येही तो असतो. म्हणजे सिगारच्या धुरात कुणाला सुक्या फळांचा किंवा फुलांचा भास झाला, तर त्या माणसाला वेड्यात काढायचं कारण नाही.

वाळलेल्या पानांचे मग ढीग लावतात. स्पॅनिशमध्ये पिलोन. पुरुषभर उंचीचे, किंचित ओलवलेले, वरून झाकलेले. आतले जिवाणू आणि पानातली विकरं कामाला लागतात आणि ढीग आपोआप तापू लागतो. मधोमध खुपसलेल्या तापमापीवर एकाची नजर असते. पारा ठरलेल्या रेषेपुढे गेला की ढीग मोडायचा, आतली पानं बाहेर, बाहेरची आत. त्या वेळी खोलीत अमोनियाचा असा भपकारा सुटतो की डोळे उघडे ठेवणं मुश्कील. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत ज्याला कधी ठसका लागला असेल, त्याला या खोलीची थोडीफार कल्पना येईल. अमोनिया जितका निघून जाईल तितका पुढे धूर मऊ होतो. काळपट 'मादुरो' वेष्टनाला ही आच जास्त आणि जास्त काळ लागते. काळी सिगार म्हणजे कडक सिगार हा समज मात्र चुकीचा आहे. बाहेरचं ते एक पान वजनाने अगदी थोडं. कडकपणा ठरतो आतल्या भरणावर, त्यातही झाडाच्या शेंड्याकडच्या, ऊन खाल्लेल्या 'लिहेरो' पानांवर.

मुरवण्याच्या या टप्प्याची दुसरी बाजू परीक्षणांत कधी छापून येत नाही. याच उबदार, ओलसर ढिगात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि नायट्राइट व निकोटीनच्या कुळातली अल्कलॉइडं मिळून नायट्रोसामाइनं तयार होतात. त्यातली काही कर्करोगकारक आहेत. सुगंध आणि विष एकाच भट्टीतून निघतात आणि महागड्या पानाला यातून सूट नाही. धूर छातीत घेत नाही, मग कसला धोका, हा युक्तिवाद सिगारवाले नेहमी करतात. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाला छातीत धूर ओढावा लागत नाही. गोव्यात बायका चिरुटासारखी धुमटी उलटी, म्हणजे पेटलेलं टोक तोंडात धरून ओढत असत. टाळूवर त्याने काय होतं, याचे अभ्यास १९७०च्या दशकातच झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये खास उंची सिगारींवर अहवाल काढला. या धुरातही कर्करोगकारक घटक आहेत, याबद्दल त्यात शंका ठेवलेली नाही.

सिगारचा धूर छातीत न घेताही निकोटीन चढतं, याचं कारणसुद्धा त्या वाळवण्यात आहे. साखर संपलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो. सिगारेटच्या तंबाखूत साखर उरते, त्यामुळे तिच्या धुराचा सामू साधारण ६. तिथे निकोटीन क्षाराच्या रूपात अडकून राहतं आणि रक्तात जायला त्याला फुप्फुसांचं विस्तीर्ण क्षेत्र लागतं. सामू ८ पर्यंत गेला की सुमारे निम्मं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून सरळ रक्तात शिरतं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. जेवणाआधी एखादी ओढली आणि दरदरून घाम फुटला, मळमळलं, असं सांगणारे भेटतात ते यामुळे.

आता परीक्षकांच्या एका दाव्याकडे येतो, जो मला सर्वांत पटतो. सिगार तीन भागांत बदलत जाते, असं ते म्हणतात: पहिला तृतीयांश सौम्य, दुसरा भरीव, शेवटचा उग्र. हे खरं आहे आणि त्याचं कारण सरळ आहे. निखाऱ्याच्या मागे पान जळत नसतं, तापत असतं. त्यातले बाष्पशील रेणू सुटून धुरासोबत निघतात आणि पुढच्या थंड पानांवर काही अंशी पुन्हा जमतात. निखारा मागे सरकेल तसे हे साचलेले रेणू पुन्हा उकळून निघतात. शेवटच्या झुरक्यात त्या इंचभर पानाबरोबर आधीच्या सगळ्या इंचांचा ऐवजही आलेला असतो. धुराचा सामूही शेवटाकडे चढत जातो, म्हणजे मोकळं निकोटीन आणि अमोनिया दोन्ही वाढतात. शौकीन थोटूक टाकून देतात त्यात ऐट थोडी आणि रसायन जास्त. इंचभर ओढून निकाल देणाऱ्या हवानाच्या समितीला हा शेवट कधी भेटतच नाही. ती तिच्या पद्धतीची उणीव म्हणायला हवी.

पण मासिकांतली ती लांबलचक यादी? देवदार, बदाम, कोको, चामडं, माती, मिरी आणि वर संत्र्याची साल? इथे माझा विश्वास डळमळतो. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लावणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांना २००४चं नोबेल मिळालं. एवढं यंत्र असूनही मिश्रणातले वास सुटे करणं आपल्याला जमत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड लेंग यांनी लोकांना ओळखीचे वास एकत्र करून हुंगायला दिले. तीन-चार घटकांपलीकडे कुणालाच नीट ओळखता येईना. सरावलेली, धंद्यातली नाकंही याच हद्दीवर अडली. धुरात तर हजारो रेणू. भाजलेल्या शेंगदाण्याच्या आणि कॉफीच्या वासातली पायराझिनं धुरात खरोखर असतात, धुरकट-लवंगी वासाची ग्वायाकोलंही असतात. तेव्हा 'बदाम' म्हणणारा खोटं बोलत नसतो. सात-आठ नावं घेणारा मात्र नाकाऐवजी शब्दसंग्रह वापरत असतो.

शिवाय डोळा मध्ये पडतो. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये छापून आला. कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना नकळत तीनदा पाजली. २००८ मध्ये निकाल आला. एकाच वाइनला त्याच परीक्षकाने दिलेले गुण चार वर, चार खाली असे हलत होते आणि सातत्य राखणारे दहात एखादेच निघाले. सिगारवर इतका कडक प्रयोग माझ्या पाहण्यात नाही, पण ९१ आणि ९३ मधल्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. अफिशिओनादोवाले कागदी पट्टी काढून, तिच्या जागी क्रमांकाची पट्टी लावून चाखतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. वेष्टनाचा रंग, जाडी आणि आकार मात्र समोर दिसतच असतो.

राखेबद्दलही बराच गैरसमज आहे. पांढरी, घट्ट राख म्हणजे उत्तम सिगार असं सर्रास सांगितलं जातं. राख जमिनीबद्दल सांगते, चवीबद्दल नाही. मॅग्नेशियम भरपूर असेल तर ती पांढरी पडते. पोटॅशियममुळे पान सलग जळतं आणि क्लोराइड वाढलं की विझू पाहतं. म्हणून तंबाखूच्या शेतात म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश देतात. शेरलॉक होम्सच्या १८८७च्या पहिल्याच कादंबरीत खुनाच्या जागी सांडलेली काळसर, पापुद्र्यासारखी राख पाहून होम्स सिगार त्रिचनापल्लीची असल्याचं ओळखतो. आपल्या तिरुचिरापल्लीच्या चिरुटांचा तेव्हा लंडनमध्ये एवढा खप होता. होम्सने राखेवरून पान ओळखलं, दर्जा ठरवण्याच्या फंदात तो पडला नाही.

उरतं ते ज्याला वर्णनात दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत. पानातला ओलावा आणि धुराची वाट. सिगार साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. त्याहून कोरडी पडली की भराभर तापून जळते आणि घशाला ओरखडते. मुंबईच्या जुलैत उघडी राहिली की पान फुगतं, धुराची वाट चोंदते, निखारा एका बाजूने धावतो आणि बुरशी धरते ती वेगळीच. तीच सिगार, तेच पान, आणि गुणांत जमीन-अस्मानाचा फरक. गेल्या शतकाच्या अखेरीस जगभर मागणी उसळली तेव्हा क्युबाने घाईने उत्पादन वाढवलं आणि घट्ट वळलेल्या, ओढताच न येणाऱ्या सिगारींच्या तक्रारी सुरू झाल्या. यावर उपाय म्हणून नव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांत एक साधं यंत्र आलं. वेष्टन चढवण्याआधी भरणाची वळी त्यात अडकवतात, यंत्र तिच्यातून हवा खेचतं आणि काटा दाब दाखवतो. काटा हद्दीबाहेर गेला की वळी परत वळणाऱ्याच्या टेबलावर जाते, तो ती सोडतो, एखादं पान मोकळं करतो आणि पुन्हा बांधतो.