वॉरफॅरीन
हृदयात धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या, तसेच अलिंदांची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची) स्पंदने अनियमित झालेल्या रुग्णांच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे क्लथनरोधी (रक्त गोठण्यास विरोध करणारे) औषध. गुठळी मेंदूकडे वाहत गेल्यास पक्षाघात होतो. तो टाळणारे हे औषध अधिक झाल्यास मेंदूतच रक्तस्राव होऊ शकतो. हा रक्तस्राव म्हणजे औषधाच्या मूळ क्रियेचाच अतिरेक होय.

१९२० नंतरच्या दशकात कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात स्वीट क्लोव्हर या चारापिकाचे बुरशी आलेले वाळके गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९३९ मध्ये त्यातील डायकूमेरॉल हे द्रव्य अलग करण्यात आले. त्याच वर्गातील वॉरफॅरीन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून प्रचारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले.

यकृतात क्लथनाचे काही घटक तयार होण्यास के जीवनसत्त्व लागते. वॉरफॅरीन त्याचा पुनर्वापर रोखते. रक्तात आधीच असलेले घटक संपेपर्यंत पूर्ण परिणाम दिसत नाही. त्यास काही दिवस लागतात.

मात्रा व्यक्तीगणिक बदलत असल्याने ती रक्त तपासूनच ठरवितात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये पुरस्कारिलेले आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर (आयएनआर) वापरतात. निरोगी व्यक्तीत ते सु. १ असते, अनियमित स्पंदनांत २ ते ३, तर द्विदली झडपेच्या जागी धातूची झडप असल्यास सामान्यतः २·५ ते ३·५ राखतात. हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, त्वचेवर निळे डाग, लालसर लघवी व काळा मल ही धोक्याची चिन्हे होत.

अनेक औषधांनी हा समतोल ढळतो. मेट्रोनिडॅझोल व को-ट्रायमॉक्सॅझोल यांनी परिणाम वाढतो. ॲस्पिरीन व इतर वेदनाशामके रक्तस्रावाचा धोका वाढवितात. क्षयरोगावरील रिफँपिसीन मात्र यकृतातील एंझाइमांना चेतवून वॉरफॅरिनाचा झपाट्याने नाश घडविते. त्यामुळे मात्रा पुष्कळ वाढवावी लागते. क्षयाचा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ही चेतना ओसरते व तीच वाढीव मात्रा घातक ठरते. हा धोका सहज नजरेआड होतो, कारण तेव्हा रुग्ण बरा झालेला असतो. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व विपुल असते. त्या वर्ज्य करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो योग्य नव्हे. त्यांचे प्रमाण रोज सारखे असणे पुरेसे असते. आहार एकाएकी घटल्यास औषधाचा परिणाम वाढतो.

अतिरेक झाल्यास औषध थांबवून के जीवनसत्त्व देतात. तीव्र रक्तस्रावात क्लथन-घटकही शिरेवाटे द्यावे लागतात. गर्भवतीस वॉरफॅरीन दिल्यास गर्भात व्यंग उद्‌भवू शकते.

डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबान इ. नव्या औषधांना अशी नियमित तपासणी लागत नाही. तथापि धातूच्या झडपा असलेल्या रुग्णांत डॅबिगॅट्रानाने गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. संधिज्वराने झडपा बिघडून स्पंदने अनियमित झालेल्या रुग्णांतही वॉरफॅरीनसारखी जुनी औषधेच रिव्हरोक्सॅबानापेक्षा सरस असल्याचे २०२२ मध्ये आढळले.